कॉपी बरोबर आली, पण रजिस्टर चारचं काय?

सी भाषेत एका स्ट्रक्चरमधला मजकूर दुसऱ्यात न्यायला एक ओळ पुरते: ‘नवी = जुनी;’. लिहिणाऱ्याला यात ना फंक्शन दिसतं, ना लूप. ही ओळ कंपायलरच्या हाती पडली की मात्र तिचं काय होणार, हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. स्ट्रक्चर चार बाइटचं असेल तर एकदा वाचायचं आणि एकदा लिहायचं, की झालं. सोळा बाइटचं असेल तर तेच चारदा. त्याहून मोठं असेल तर कंपायलर प्रोसेसरची एखादी खास ब्लॉक-कॉपीची आज्ञा वापरतो, नाहीतर गुपचूप ‘मेमकॉपी’ या फंक्शनला बोलावतो. हे सगळ्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून जीसीसी या कंपायलरच्या माहितीपुस्तकात स्पष्ट नोंद आहे: ऑपरेटिंग सिस्टीम नसलेल्या, नुसत्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रामलाही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शनं पुरवावीच लागतात. प्रोग्रामरने ती कुठे लिहिली नसली तरी कंपायलर ती मागू शकतो.

जालन्यात राहणारी एक अभियंता गेली अनेक वर्षं या न दिसणाऱ्या कॉपीची तपासणी करते. कंपायलर कोणत्या आकाराला कोणता मार्ग निवडतो, तो मार्ग बरोबर चालतो का, आणि तो चालताना प्रोसेसरची रजिस्टरं जशीच्या तशी राहतात का, हे पाहणं तिचं काम. हे शहर लोखंडी सळ्यांसाठी आणि बियाण्यांसाठी ओळखलं जातं. तिच्या कामाबद्दल शेजारी विचारतात तेव्हा ती “सॉफ्टवेअर टेस्टिंग” एवढंच सांगते आणि विषय मोसंबीच्या भावाकडे वळतो. २०२० च्या टाळेबंदीत ती पुण्याहून परतली, तेव्हा कंपनीच्या परवानगीने दोन डेव्हलपमेंट बोर्ड आणि एक डीबगर बरोबर आला. तेव्हापासून जुन्या जालन्यातल्या घराची वरची खोली हीच तिची प्रयोगशाळा.

तिने जास्त काळ घालवला तो एच८ या प्रोसेसर-मालिकेवर. ही मालिका मूळ हिताचीची. २००३ साली हिताची आणि मित्सुबिशी यांचे चिप-विभाग एकत्र येऊन रेनेसास कंपनी झाली आणि एच८ तिच्याकडे गेली. १९९८ साली बाजारात आलेल्या लेगो कंपनीच्या माइंडस्टॉर्म्स संचातला पिवळा ठोकळा याच घराण्यातल्या एच८/३२९२ वर चालायचा, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी त्यासाठी जीसीसी वापरूनच स्वतःचे प्रोग्राम लिहिले. पुण्याचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. हिताची आणि पुढे रेनेसासच्या एच८ व एसएच या प्रोसेसरांसाठी जीसीसीवर आधारलेली साधनं तयार करून ती फुकट वाटण्याचं आणि त्यांना आधार देण्याचं काम पुण्याच्या केपीआयटी कंपनीने वर्षानुवर्षं केलं. नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर१६ या प्रोसेसरसाठीचा जीसीसीचा भागही तिथूनच आला आणि २०१२ च्या ४.७ या आवृत्तीत दाखल झाला. कंपायलरच्या आतल्या कामात महाराष्ट्राचा हा वाटा आहे. त्याविषयी मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, हे खटकतं.

एच८ मध्ये ब्लॉक कॉपी करण्यासाठी ‘ईईपीमूव्ह’ नावाची आज्ञा आहे. तिला तीन रजिस्टरं लागतात आणि तीही ठरलेली. किती बाइट न्यायचे ती संख्या चौथ्या रजिस्टरमध्ये, कुठून न्यायचे तो पत्ता पाचव्यात, कुठे ठेवायचे तो सहाव्यात. पुढच्या पिढीच्या एच८एसएक्समध्ये हेच काम करणारी ‘मूव्हएमडी’ आली. तिचीही रजिस्टरं हीच. ईआर४, ईआर५, ईआर६. दुसरी चालत नाहीत.

आता याच प्रोसेसरवर जीसीसीचा करार काय सांगतो ते पाहा. ईआर० ते ईआर३ ही रजिस्टरं बोलावलेल्या फंक्शनने हवी तशी वापरावीत, त्यांचं काय होतं याची काळजी बोलावणाऱ्याने घ्यायची. पण ईआर४, ईआर५ आणि ईआर६ बोलावणाऱ्याच्या मालकीची. बोलावलेल्या फंक्शनने ती वापरली तर आधी स्टॅकवर ठेवायची आणि परत जाताना होती तशी जागेवर आणून द्यायची. म्हणजे कॉपीची आज्ञा नेमकी त्याच तीन रजिस्टरांवर चालते जी राखून ठेवण्याचं वचन दिलेलं आहे. त्यातही ईआर६ हे जीसीसीचं फ्रेम पॉइंटर. फंक्शनची स्थानिक चलं स्टॅकवर कुठे आहेत हे ज्याच्या आधाराने कळतं, तेच रजिस्टर कॉपीच्या वेळी ‘कुठे ठेवायचं’ हा पत्ता धरायला लागतं. जीसीसीच्या एच८ च्या भागात यासाठी ईआर६ मधली किंमत तात्पुरती बाजूला काढून, काम झाल्यावर परत बसवणारी वेगळी व्यवस्था आहे. त्या कोडजवळची टिपणं वाचताना लिहिणाऱ्यांना तिथे किती झगडावं लागलं ते कळतं.

पुण्यात असताना तिच्याकडे आलेलं एक प्रकरण या सगळ्याचा नमुना म्हणून सांगण्यासारखं आहे. एका ग्राहकाचं उपकरण ऑप्टिमायझेशन न लावता बांधलं की नीट चालायचं, आणि ‘ओ-टू’ पातळीवर बांधलं की थोड्या वेळाने आपोआप रीसेट व्हायचं. तक्रार अर्थातच कंपायलरवर. मोठा प्रोग्राम कापत कापत तिने तो एका पानावर आणला. त्यात एक लूप होता. प्रत्येक फेरीत एक नोंद एका बफरमधून दुसऱ्यात जायची. कॉपी झालेला मजकूर तपासला तर बाइट न् बाइट बरोबर. मग अडत कुठे होतं? ग्राहकाच्या प्रोग्रामरने वेगासाठी कॉपीचा भाग हाताने, असेंब्लीत लिहिला होता आणि त्यात ईईपीमूव्ह वापरली होती. ईआर६ त्याने स्वतःच राखून ठेवलं होतं. पण चौथं आणि पाचवं रजिस्टर आपण बदलतो आहोत हे त्याने कंपायलरला सांगितलं नव्हतं. ऑप्टिमायझेशनशिवाय लूपचा मोजणी-आकडा स्टॅकवर राहायचा, म्हणून काही बिघडत नव्हतं. ओ-टूवर कंपायलरने तो आकडा चौथ्या रजिस्टरमध्ये ठेवला. ईईपीमूव्ह प्रत्येक बाइटगणिक चौथं रजिस्टर एकाने कमी करत शून्यावर आणते. त्यामुळे प्रत्येक फेरीच्या शेवटी मोजणी शून्य, त्यात एक मिळवला की एक, आणि पुन्हा तेच. लूप कधी संपायचाच नाही. शेवटी वॉचडॉग टायमर वैतागून चिप रीसेट करायचा.

कंपायलरची चूक नव्हती. तरीही या प्रकरणाने तिची चाचण्या लिहिण्याची पद्धत पालटली. तोवरच्या तिच्या बहुतेक चाचण्या ‘जे व्हायला हवं ते झालं का’ एवढंच विचारत होत्या. कॉपीची चाचणी म्हणजे दोन बफर ताडून पाहायचे. या ग्राहकाच्या प्रोग्रामवर ती चाचणी लावली असती तर ती आनंदाने पास झाली असती.

‘जे बदलायला नको होतं ते बदललं का’ हे विचारणाऱ्या चाचण्या कॉपीच्या बाबतीत मुळात नव्हत्या असं नाही. जीसीसीच्या चाचणीसंचात मायकेल माइसनर यांनी मार्च २००२ मध्ये लिहिलेली मेमकॉपीची एक चाचणी आहे. स्रोत आणि लक्ष्य यांचे पत्ते एकेका बाइटने सरकवत, लांबी एकेका बाइटने वाढवत ती सगळ्या जोड्या तपासते, आणि प्रत्येक वेळी लक्ष्याच्या आधीचे व नंतरचे बाइट शाबूत आहेत ना हेही बघते. आकाराने लहान आणि रचनेने साधी असलेली ही चाचणी आजही उपयोगी पडते. एच८ वर तर पत्ते सरकवण्याला वेगळंच महत्त्व आहे. एच८/३००एच आणि एच८एस यांच्यावर दोन बाइटचा शब्द विषम पत्त्यावरून वाचायला गेलं तर प्रोसेसर तक्रार करत नाही. तो पत्त्याचा शेवटचा बिट शून्य समजतो आणि एक बाइट आधीचा मजकूर उचलून देतो. काही प्रोसेसर अशा वेळी थांबतात आणि चूक लगेच कळते. इथे काहीच होत नाही. फक्त मजकूर एका घराने सरकलेला मिळतो. म्हणून कंपायलरने ‘हा पत्ता सम आहे’ असा चुकीचा समज करून घेतला, तर त्याला पकडायला एकेक बाइट सरकवणारी चाचणीच लागते.

रजिस्टरांच्या चाचणीसाठी तिने याच धर्तीवर एक सांगाडा बांधला. असेंब्लीतलं एक छोटं फंक्शन ईआर४, ईआर५, ईआर६ मध्ये ओळखू येतील असे आकडे भरतं, मग कंपायलरने बनवलेल्या कॉपीच्या फंक्शनला बोलावतं आणि परत आल्यावर तीनही रजिस्टरं तपासतं. तपासणीचा हा भाग सी मध्ये लिहून भागत नाही, कारण ज्या कंपायलरची परीक्षा घ्यायची त्याच्याच हातून प्रश्नपत्रिकेची छपाई होऊन जाते. तिन्ही आकडे वेगवेगळे हवेत. तीनही रजिस्टरांत एकच आकडा भरला आणि कंपायलरने पाचवं व सहावं परत बसवताना अदलाबदल केली, तर चाचणीला पत्ता लागणार नाही. शिवाय आकडा पूर्ण बत्तीस बिटांचा हवा. ईआर४ चा खालचा अर्धा भाग आर४ आणि वरचा ई४ असे दोन तुकडे स्वतंत्रपणे वापरता येतात. खालचा तेवढा राखला आणि वरचा गेला, अशी चूक होऊ शकते. वरच्या अर्ध्यात शून्य भरून तपासणी केली तर ती दिसत नाही, कारण तिथे पुष्कळदा शून्यच सापडतं.

लांबीच्या कडाही अशाच. ईईपीमूव्हच्या एका प्रकारात मोजणी आठ बिटांची, म्हणजे २५५ पर्यंत. दुसऱ्यात सोळा बिटांची, म्हणजे ६५,५३५ पर्यंत. मोजणी शून्य असेल तर ती काहीच हलवत नाही. मूव्हएमडीसाठी मात्र जीसीसी ६५,५३६ पर्यंतची मोजणी धरतो, आणि ६५,५३६ सोळा बिटांत लिहिले की शून्य दिसतं. दोन भावंडं, पण शून्याचा अर्थ परस्परविरुद्ध. अशा ठिकाणी तिच्या चाचण्या दाट असतात. मधल्या लांब्यांवर ती फार वेळ घालवत नाही.

हे सगळं लिहून झालं तरी एक प्रश्न उरतोच. चाचणी पास झाली याचा अर्थ कंपायलर बरोबर आहे असा, की चाचणी आंधळी आहे असा? ती त्यासाठी कंपायलरची एक प्रत मुद्दाम बिघडवते. रजिस्टर राखण्याच्या यादीतून ईआर५ वगळायचं, कंपायलर पुन्हा बांधायचा आणि चाचण्या चालवायच्या. जी चाचणी तरीही पास होते ती निरुपयोगी. मग ईआर४. मग ईआर६, पण फक्त वरचा अर्धा भाग.

तिचे वडील अंबड तालुक्यात राहतात. बियाणं कंपन्यांच्या कपाशीच्या प्लॉटांवर देखरेख करण्यात त्यांची हयात गेली. संध्याकाळी फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी परागीभवन करायचं, हे काम जिल्ह्यातल्या हजारो हातांनी केलेलं त्यांनी पाहिलं आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि त्यातून हा व्यवसाय इथे रुजला. बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तेव्हा गावोगावच्या प्लॉटवाल्यांना तो आपलाच वाटला होता. एकदा कामाबद्दल बोलताना तिने बिघडवलेल्या कंपायलरचं सांगितलं, तर ते म्हणाले, “मंग तुमी खराब बी मुद्दाम पेरून पाहता म्हणा की.”

“तसंच, बाबा.”

“बराबर हाय. ग्रो-आउटला आम्ही शुद्ध बी शेजारी लावतो. नाहीतर वेगळं झाड कोणतं, हे वळखायचं कसं गं?”

बियाण्याच्या ग्रो-आउट चाचणीत लॉटमधला नमुना पेरतात आणि त्याच्याशेजारी खात्रीच्या मूळ जातीच्या ओळी लावतात. फुलं-पानं आली की दोन्ही ताडून भेसळीची झाडं मोजतात. शेजारची खात्रीची ओळ नसेल तर मोजणी निव्वळ अंदाजाची राहते. कंपायलरच्या बाबतीत खात्रीची आवृत्ती आणि बिघडवलेली आवृत्ती अशा दोन्ही ओळी लावाव्या लागतात, एवढाच फरक. वडिलांना तिचं काम समजावून सांगावं लागलं नाही, याचा तिला झालेला आनंद ती लपवत नाही.

या कामाचं तिचं शिक्षण मात्र कपाशीच्या शेतात झालेलं नाही. इंजिनिअरिंगला असताना कंपायलर हा विषय व्याकरणं आणि तक्ते यांच्यातच संपला होता. खरा कंपायलर आतून कसा असतो हे तिला आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी उभारलेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळांच्या साहित्यातून उमगलं. त्या कार्यशाळांची पद्धत फार चांगली होती. ‘स्पिम’ या मिप्स प्रोसेसरच्या सिम्युलेटरसाठी जीसीसीचं वर्णन एकदम न देता पायरीपायरीने वाढवत न्यायचं: सगळ्यात खाली जेमतेम काही करणारा कंपायलर, मग आकडेमोड, मग फंक्शन बोलावणं, आणि असंच वर. फंक्शन बोलावण्याच्या पायरीवर आलं की रजिस्टरं कोणी राखायची हा प्रश्न अटळपणे समोर उभा राहतो. तोवर जे ‘कॉलिंग कन्व्हेन्शन’ नावाचं कोरडं कोष्टक वाटत होतं, त्यातल्या प्रत्येक नोंदीमागे कोणाला तरी काम करावं लागतं, हे तिथे हाताने करून कळतं.

कॉपी आणि रजिस्टरं यांचं नातं खरं अवघड होतं ते इंटरप्टमध्ये. साध्या फंक्शनला निदान आपण बोलावले गेलो हे ठाऊक असतं. इंटरप्ट कधीही येतो. त्याने अडवलेल्या प्रोग्रामचं एकही रजिस्टर बदलून चालत नाही, कराराने मोकळी असलेली ईआर० ते ईआर३ सुद्धा नाही. एच८ साठी जीसीसीचा नियम असा: इंटरप्ट हाताळणारं फंक्शन स्वतः जी रजिस्टरं वापरतं ती राखायची, आणि ते पुढे दुसऱ्या कोणाला बोलावत असेल, तर मोकळी रजिस्टरंही राखायची, कारण तो दुसरा ती बदलणारच. ‘सेव्हऑल’ असं वेगळं सांगितलं तर स्टॅक पॉइंटर सोडून सगळीच राखली जातात, गरज असो वा नसो.

आता वरची ‘नवी = जुनी;’ ही ओळ इंटरप्टच्या फंक्शनमध्ये ठेवून पाहा. स्रोतात कुठेही दुसऱ्या फंक्शनला बोलावलेलं नाही. स्ट्रक्चर लहान असेपर्यंत खरंच कोणाला बोलावलं जात नाही. कोणीतरी त्यात एक नवं क्षेत्र वाढवतं, आकार ठरावीक मर्यादेपलीकडे जातो, आणि कंपायलर मेमकॉपीला बोलावतो. त्या क्षणी या फंक्शनवर लागू होणारा नियमच बदलतो, आणि राखायच्या रजिस्टरांची यादी चार नावांनी वाढते. कंपायलरच्या एका भागाने बोलावण्याचा निर्णय घेतला आणि राखणाऱ्या भागापर्यंत तो पोचला नाही, तर अडवलेल्या प्रोग्राममधली एखादी बेरीज अधूनमधून चुकेल. तासन् तास नीट चालेल, मग एकदाच चुकेल. अशी चूक बोर्डासमोर बसून शोधणं जवळजवळ अशक्य असतं. ती कंपायलरच्या चाचणीतच अडली पाहिजे. म्हणून तिने एकच इंटरप्ट-फंक्शन वेगवेगळ्या आकारांच्या स्ट्रक्चरांसाठी तयार करणारी चाचणी लिहिली. निघालेल्या असेंब्लीत मेमकॉपीकडे जाणारी उडी दिसली, तर तिच्याआधी ईआर० ते ईआर३ स्टॅकवर गेलेली दिसलीच पाहिजेत.

इथे एक बारीक अडचण येते. एच८एसवर चार वेगळ्या ‘पुश’ आज्ञांऐवजी ‘एसटीएम’ ही एकच आज्ञा चारही रजिस्टरं एका दमात स्टॅकवर ठेवू शकते. चाचणी ‘पुश’ हा शब्द शोधत बसली तर बरोबर कोडलाही नापास करते. मजकुरात अडकलेल्या अशा चाचण्या कंपायलर सुधारला की मोडतात, मग कोणीतरी कंटाळून त्या बंद करतो आणि त्यांच्याबरोबर खरी राखणही जाते. जे चालवून सिद्ध करता येतं ते चालवूनच सिद्ध करावं, हा तिचा आग्रह अगदी योग्य आहे.

चालवण्यातही दोन पातळ्या आहेत. रोजच्या चाचण्या सिम्युलेटरवर होतात. डेजाग्नू ही व्यवस्था प्रत्येक चाचणी बांधते, चालवते आणि पास, फेल, अनसपोर्टेड अशा नोंदी करत जाते. पूर्ण संच रात्रभर चालतो आणि मध्येच लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर निभावतं. सकाळी ती आधी ‘फेल’ किती हे बघत नाही, ‘अनसपोर्टेड’ किती वाढले ते बघते. एच८ वर ‘इंट’ सोळा बिटांचा असतो, मेमरी थोडी असते. त्यामुळे मोठ्या यंत्रांसाठी लिहिलेल्या कित्येक चाचण्या इथे रास्तपणे वगळल्या जातात. पण एखादी चाचणी काल चालत होती आणि आज वगळली गेली, तर फेलचा आकडा शून्यच राहतो आणि तपासणी मात्र कमी झालेली असते.

टायमरचा इंटरप्ट नेमका कॉपीच्या मध्यावर आणायचा असेल तर बोर्डच हवा. ईईपीमूव्हचा आठ बिटांचा प्रकार कॉपी पुरी होईपर्यंत इंटरप्टला दाद देत नाही. सोळा बिटांचा प्रकार देतो, आणि त्यात खोच आहे: इंटरप्टहून परतताना प्रोसेसर अर्धवट राहिलेल्या ईईपीमूव्हकडे जात नाही, तिच्या पुढच्या आज्ञेकडे जातो. म्हणून प्रोसेसरच्या हस्तपुस्तिकेतच सांगितलं आहे की या आज्ञेनंतर चौथं रजिस्टर शून्य झालं का ते तपासावं आणि झालं नसेल तर पुन्हा मागे जावं. ही दोन आज्ञांची तपासणी वगळली तर कॉपी अर्धीच राहते, तीही इंटरप्ट त्या खिडकीत आला तरच. सिम्युलेटरवर हजार वेळा पास होणारी चाचणी बोर्डावर टायमरची वेळ एकेक टप्प्याने सरकवत चालवली की हे उघड होतं.

हे फक्त एका जुन्या जपानी चिपचं दुखणं आहे असं कोणी समजू नये. मार्च २००८ मध्ये जीसीसी ४.३ आली. इंटेलच्या प्रोसेसरवर कॉपीच्या आज्ञा पुढच्या दिशेने जायच्या की मागच्या, हे एक ‘दिशा-ध्वज’ ठरवतो. फंक्शन सुरू होताना तो पुढच्या दिशेला असेल असा करारच आहे, म्हणून ४.३ ने कॉपीआधी तो पुन्हा लावून घेण्याची आज्ञा देणं थांबवलं. करारानुसार हे बरोबर होतं. पण लिनक्सचा कर्नल सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनकडे जाताना तो ध्वज पूर्ववत करत नव्हता. एखादा प्रोग्राम मागच्या दिशेने कॉपी करत असताना सिग्नल आला, तर सिग्नलच्या फंक्शनमधली कॉपीही उलटी चालायची. ही चूक कर्नलमध्ये वर्षानुवर्षं होती. कंपायलरच्या एका जादा आज्ञेने ती झाकून ठेवली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या २.६.२५ मध्ये कर्नल दुरुस्त झाला.

२०१० मध्ये फेडोरा १४ वापरणाऱ्यांना फ्लॅशवरच्या गाण्यांत खरखर ऐकू येऊ लागली. सी ग्रंथालयातली नवी, जलद मेमकॉपी काही प्रोसेसरांवर मागून पुढे कॉपी करत होती. एकमेकांवर चढलेल्या जागांमध्ये मेमकॉपी वापरू नये हा नियम आधीपासून होता. फ्लॅशने तो पाळला नव्हता आणि तोवर निभावून गेलं होतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः त्या तक्रारीच्या चर्चेत उतरून वापरणाऱ्यांची बाजू घेतली. पुढे जीलिबसी २.१४ मध्ये जुन्या प्रोग्रामांना जुनी वागणूक आणि नव्यांना नवी मेमकॉपी अशी सोय झाली.

करार यंत्रागणिकच नाही, ऑपरेटिंग सिस्टीमगणिकही बदलतो. इंटेलच्या ६४-बिट प्रोसेसरवर ‘रेप मूव्ह्स’ ही ब्लॉक-कॉपीची आज्ञा आरएसआय, आरडीआय आणि आरसीएक्स ही रजिस्टरं वापरते. लिनक्सच्या करारात ही तिन्ही मोकळी. विंडोजच्या करारात त्यातली पहिली दोन राखून ठेवायची. तोच प्रोसेसर, तीच आज्ञा, आणि एका ठिकाणी बरोबर असलेलं फंक्शन दुसऱ्या ठिकाणी बोलावणाऱ्याचं काम बिघडवणारं. पुण्याच्या ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांना ती हेच उदाहरण आधी देते. त्यातला एकजण गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “मॅडम, एवढ्या छोट्या आज्ञेसाठी एवढी चाचणी?” तिने त्याला उत्तर दिलं नाही, विंडोजसाठी बांधलेला कंपायलर, ज्यातून आरडीआय राखणं काढून टाकलं होतं, तो पाठवला आणि कोणती चाचणी नापास होते ते शोधायला सांगितलं. त्याच्या संचातली एकही झाली नाही. दोन दिवसांनी त्याने होईल अशी लिहून पाठवली, आणि ती आता कायमच्या संचात आहे.

सध्या तिच्या टेबलावर एच८ च्या शेजारी रिस्क-फाइव्हचा बोर्ड आहे. हा प्रोसेसरांचा खुला आराखडा. भारतात आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ त्याच्याच आधारे उभे राहिले. त्याच्या व्हेक्टर विस्तारात बत्तीस व्हेक्टर रजिस्टरं आहेत, आणि जीसीसीच्या अलीकडच्या आवृत्त्या ती वापरून ब्लॉक कॉपी करू शकतात. नेहमीच्या करारात ही सगळी मोकळी, त्यामुळे साध्या फंक्शनमध्ये राखण्याचा प्रश्न येत नाही. पण इंटरप्टमध्ये मोकळं असं काहीच नसतं. शिवाय किती घटकांवर काम करायचं आणि घटक किती रुंद, हे सांगणारी ‘व्हीएल’ आणि ‘व्हीटाइप’ ही दोन नियंत्रण-रजिस्टरं आहेत. बत्तीसच्या बत्तीस व्हेक्टर रजिस्टरं राखली आणि व्हीएल तेवढं बदललेलं राहिलं, तर अडवलेला प्रोग्राम पुढची कॉपी चुकीच्या लांबीने करेल. तिच्या नव्या सांगाड्यात म्हणून तपासणीची सुरुवात व्हीएलपासून होते, मग व्हीटाइप, आणि व्हेक्टर रजिस्टरांची पाळी त्यानंतर येते. बिघडवलेल्या आवृत्त्यांची यादी तिने आधीच तयार ठेवली आहे. पहिलीत व्हीएल राखलेलं नाही, दुसरीत व्हीटाइप, आणि तिसरीत बत्तिसांपैकी फक्त शेवटचं एक.